सहा माणसांचा तंबू, आठ महिने आणि एकही कोरडी सहल नाही

मे अखेरीस हा तंबू घेतला. पिशवीवर 'सहा माणसांसाठी' असं छापलंय. आम्ही चौघं (नवरा, मी, थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहा) आणि आमच्या पिशव्या, एवढ्यातच तो भरतो. तंबूवाल्यांच्या हिशेबातला माणूस बहुतेक कुशीवर, श्वास रोखून झोपत असावा. घरातली डोकी मोजा आणि त्यात दोन मिळवा, मग माप ठरवा. किंमत साडेचौदा हजार, वजन ९ किलो. पाठीवर टाकून गड चढायला हा उपयोगाचा नाही. गाडीच्या डिकीतून काढायचा आणि दहा पावलांवर लावायचा. पाच सहलींत नऊ रात्री काढल्या आणि पाचही वेळा कुठलं ना कुठलं पाणी भेटलंच. तेव्हा हा अभिप्राय ओल्या तंबूचा आहे, हे आधीच सांगते.

पहिली सहल जूनच्या सुरुवातीला, भंडारदऱ्याला काजवे बघायला. धरणाचं पाणी दिसेल अशी शेताच्या खालच्या अंगाची सपाट जागा आम्ही निवडली. ज्यांचं शेत ते मामा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, हितं नका लावू. रातच्याला वरचं समदं पाणी हितूनच उतरतं." आभाळ स्वच्छ होतं. अर्धा लागलेला तंबू उपटून वर, दगडगोट्यांच्या जागेत न्यायचा म्हणजे जिवावर आलं, पण नेला. नऊच्या सुमारास एक हिरड्याचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. धाकट्याने "आई, याचं बटण कुठंय?" असं विचारलं. साडेदहाला वळीव आला. सकाळी पाहिलं तर आमच्या मूळ जागेतून हातभर रुंद ओहोळ वाहून गेला होता. तिथेच विसरलेली धाकट्याची एक चप्पल खालच्या बांधाला अडकलेली सापडली.

त्या रात्री आत पाणी आलंच, पण चूक आमची होती. तंबूखाली अंथरलेली ताडपत्री तंबूपेक्षा मोठी होती आणि चारी बाजूंनी ऐटीत बाहेर आली होती. वरून ओघळलेलं पाणी तिने झेललं आणि थेट आमच्या पाठीखाली आणून सोडलं. आता ती चारी कडांनी आत दुमडते, तंबूबाहेर बोटभरही दिसू देत नाही. कापडावर '३००० मिमी' लिहिलंय, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी कापड पाझरायला नको. कापड खरंच पाझरलं नाही. पाझरतात त्या शिवणी. आतून चिकटवलेली पट्टी ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात सुटली. कंपनीला तीन मेल केल्या. 'वापरानंतर तंबू नीट वाळवावा' असं उत्तर आलं. शेवटी शिवणीला लावायचं सीलर आणलं, गच्चीत बसून ब्रशने फिरवलं. त्यानंतर थेंब नाही. पण साडेचौदा हजार मोजल्यावर हे काम माझ्याकडे यायला नको होतं.

जुलैत पवना धरणाकाठी मात्र मी उगाच ओरडले. पहाटे छतावरून टपटप, थोरलीची उशी ओली. मला वाटलं गळतोय. बाहेर पाऊस थांबून तास झाला होता. ते पाणी आमचंच होतं. चौघांचा रात्रभरचा श्वास, शिवाय ओले कपडे आत वाळत घातलेले, आणि भर पावसात आत शिरेल म्हणून मी वरच्या झडपा गच्च बंद केलेल्या. आता कितीही कोसळो, झडपा उघड्या ठेवते. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर.

आता ज्यासाठी हा तंबू कुणालाही घ्यायला सांगेन ती गोष्ट: पुढची पडवी. पत्रिकेत तिला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण ती पडवीच. सहा बाय सात फूट, तीन बाजूंनी उघडता येते. पवनेला शनिवारी अकराला सुरू झालेला पाऊस रविवारी पहाटे चारपर्यंत हटला नाही. पडवी नसती तर आम्ही शनिवारी दुपारीच घरी परतलो असतो. तिथे चटई टाकून मेंढीकोटाचे इतके डाव झाले की धाकटासुद्धा हुकूम बोलायला शिकला. मुलांनी खुरप्याने तंबूभोवती चर खणला, त्यात होड्या सोडल्या, पुन्हा खणला; अंगभर चिखल. नवऱ्याने पडवीच्या कडेला, वारा खेळेल अशा बाजूला शेगडी मांडून कांदाभजी तळली. झोपायच्या भागात मात्र शेगडी कधीच नेऊ नका, थंडीतही नाही. आगीचं भय आहेच, शिवाय बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

खुंट्यांबद्दल थोडक्यात. सोबत आलेल्या खुंट्या म्हणजे जाड तार, मुरमात पहिल्याच ठोक्याला वाकल्या. हार्डवेअरवाल्याकडून फूटभर लांबीच्या सळया वरून वाकवून घेतल्या. ऑक्टोबरात दिवेआगरला वाळूत त्याही निघून आल्या, तेव्हा पिशव्यांत वाळू भरून, दोर बांधून, कोपरभर खोल पुरल्या. त्या हलल्या नाहीत.

दिवेआगरलाच परतीचा पाऊस संध्याकाळी विजा घेऊन आला. वीज चमकली की थोरली सेकंद मोजायची. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा तीसच्या खाली आला तेव्हा आम्ही सुरूच्या झाडांखालचा तंबू तसाच सोडून गाडीत जाऊन बसलो, काचा वर. विजेपुढे तंबू म्हणजे नुसतं कापड. गाडीत दीड तास शेंगदाणे, चिवडा आणि गाण्याच्या भेंड्या. धाकट्याच्या मते या सहलीतला सगळ्यात भारी भाग हाच.

खरा वैताग घरी येतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एवढं ओलं कापड वाळवायचं कुठे? हॉलमध्ये दोरी बांधून पंख्याखाली टांगतो. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "मांडव छान झालाय, लग्न कुणाचं?" एकदा आळस करून दोन दिवस तसाच गुंडाळून ठेवला, तर काळे ठिपके पडले ते अजून गेलेले नाहीत.

गच्ची किंवा मोठी बाल्कनी नसेल तर आधी तो विचार करा. मुलं लहान आणि गाडी हाताशी असेल तर घ्या, पण सळया आणि सीलरचे पैसे वेगळे धरा. आम्ही येत्या जूनला पुन्हा भंडारदऱ्याला जाणार. मामांना फोन केला तर म्हणाले, "या की. फक्त जागा मी दावीन."