तार आहे, पण आवाज तारेतून येत नाही

वायर्ड की वायरलेस या वादात मी पहिल्यापासून तारेच्या बाजूचा. चार्जिंगची कटकट नाही, बॅटरी म्हातारी झाली म्हणून चांगला हेडफोन कचऱ्यात टाकावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे आवाज उशिरा येत नाही. मी फोनवरच्या पियानोच्या अ‍ॅपवर सराव करतो, त्यामुळे माझ्यासाठी हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं. म्हणून मुद्दाम शोधून, आयफोनच्या लाइटनिंग पोर्टमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत, थेट लागणारा, मोठ्या अक्षरांत 'वायर्ड' लिहिलेला इअरफोन ऑनलाइन मागवला. हातात पडला तो वायरलेस. शेपटीवाला.

खोक्यात बोटाएवढी चिठ्ठी होती: 'वापरण्याआधी ब्लूटूथ चालू करा.' पिन लावली, आवाज नाही. ब्लूटूथ चालू केलं तेव्हा स्क्रीनवर जोडणीची खिडकी उघडली, कानात एक बाई 'कनेक्टेड' म्हणाली आणि गाणं सुरू झालं. गाण्यापुरतं ठीक होतं. पियानोवर मात्र पट्टी आधी दाबायची आणि सूर मागाहून ऐकायचा. संथ चालीत खपून जातं, लय जरा वाढवली की बोटं एकीकडे आणि कान दुसरीकडे.

हा बिघाड नाही, माल बनवलाच तसा आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचा ३.५ मिमीचा गोल जॅक गेला आणि लाइटनिंगच्या इअरफोनना गिऱ्हाईक मिळालं. पण या पोर्टमधून डिजिटल सिग्नल बाहेर पडतो. तो कानाला ऐकू येण्याजोगा करायचा तर इअरफोनमध्येच रूपांतर करणारी चिप हवी, शिवाय अ‍ॅपलच्या 'मेड फॉर आयफोन' परवान्यातले (आयफोनची जोडउपकरणं बनवणाऱ्यांसाठीचा परवाना) भाग हवेत. तो खर्च वाचवायला हे लोक तारेवरच्या छोट्या डबीत स्वस्तातली ब्लूटूथ चिप बसवतात आणि पोर्टमधून फक्त वीज घेतात. आवाज फोनमधून हवेत निघतो, वीतभर अंतरावरच्या त्या चिपमध्ये शिरतो आणि तिथून पुढे तारेने कानात! तारेचं लोढणं आहेच, वर ब्लूटूथचे सगळे भोग. आवाज कॉम्प्रेस करून, म्हणजे त्यातला डेटा कमी करून, पाठवला जातो, १०० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, आणि कॉलवर माइक सुरू झाला की समोरच्याचा आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'सर, तार आहे ना? मग वायर्डच झाला.' परत घ्या म्हटलं तर म्हणे कानात घातलेला माल आरोग्याच्या कारणामुळे परत घेत नाही. आता कानात घातल्याशिवाय ही लबाडी कळणार कशी, ते त्यांनीच सांगावं. जाहिरात पुन्हा उघडून पाहिली. शीर्षकात 'वायर्ड', आणि शेवटच्या फोटोत राखाडी बारीक अक्षरांत 'पॉप-अप कनेक्शन', म्हणजे तीच ब्लूटूथ जोडणीची खिडकी. लाइटनिंगच्या इअरफोनवर हे शब्द दिसले तर पैसे भरूच नका. खऱ्या वायर्डला कुठलीही खिडकी उघडावी लागत नाही.

ज्यांच्याकडे असा इअरफोन आधीच आहे त्यांनी एकदा तपासून बघा. ब्लूटूथ बंद करताना कंट्रोल सेंटरमधलं बटण दाबून भागत नाही. त्याने जोडणी तुटते, पण ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा आणि गाणं लावा. इअरफोन गप्प बसला तर तो माझ्यावाल्याचाच भाऊ. परवानाधारक माल कोणता, हे अ‍ॅपलच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधता येतं. खोक्यावरच्या चिन्हावर विसंबू नका, चिन्ह कोणीही छापतो.

आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, लाइटनिंगच्या जागी यूएसबी-सी पोर्ट आलं. पण लाइटनिंगवाले फोन अजून लोकांच्या खिशात भरपूर आहेत. 'जुना ३.५ मिमीचा इअरफोन आहे, नुसता कन्व्हर्टर घेतो' असं कोणी म्हणत असेल तर त्यातही हाच ब्लूटूथचा खेळ चालतो. तेव्हा घेण्याआधी विक्रेत्याला चॅटवर एवढंच विचारा, 'ब्लूटूथ बंद असताना आवाज येतो का?' उत्तर हो किंवा नाही असंच मागा, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.