गुरुत्वाकर्षण शिकवायला घेतलेलं लायक्राचं कापड: सात महिने वापरल्यानंतर

सहावी ते आठवीच्या मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवण्यासाठी मी सात महिन्यांपूर्वी हा संच घेतला. दीड मीटर व्यासाची रिंग, तिच्यावर ताणून बसवायचं काळं लायक्राचं कापड, चिमटे, दोन किलोचा लोखंडी गोळा आणि पिशवीभर गोट्या. पहिल्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते. थांबले ते बरं झालं.

पहिला तास खरोखर सुंदर होतो. गोळा मधोमध ठेवला की कापडाला खोल खळगा पडतो. कडेनं गोटी तिरकी सोडली की ती गोळ्याभोवती फेऱ्या मारायला लागते, जवळ येताना सुसाट सुटते, लांब जाताना रेंगाळते. केप्लरचा दुसरा नियम मी फळ्यावर कितीही वेळा काढला असता तरी मुलांना तो असा दिसला नसता. धूमकेतू सूर्याजवळ का घाई करतो, हे त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलांनीच मला सांगितलं.

पण घर्षणामुळे गोटी काही फेऱ्यांतच गोळ्याला जाऊन चिकटते. तेव्हा ‘मग पृथ्वीपण सूर्यात पडणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. शिवाय कापडाचा उतार व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश) पाळत नाही, त्यामुळे कक्षेचा आकार एका जागी राहत नाही, दर फेरीला फिरत जातो. हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर मुलं ग्रहांच्या कक्षा तशाच काढतात.

खरी गोष्ट तिसऱ्या तासाला घडली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘बाई, गोळा कापडाला खाली का दाबतो?’’ मी म्हटलं, वजनामुळे. ‘‘आणि वजन कशामुळे?’’ मी गप्प झाले. गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी मी गुरुत्वाकर्षणच वापरत होते, आणि ते माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. तेवढ्यात एक मुलगा रिंगखाली शिरला, गोळा काढायला लावला आणि खालून कापड चिमटीत धरून ओढलं. वरून गोटी सोडली तर ती तशीच फिरली! गोळा नाही, काही नाही, नुसता उतार. या संचानं मला दिलेला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. संचाबरोबरच्या पुस्तिकेत याचा उल्लेखसुद्धा नाही. उलट ‘गुरुत्वाकर्षण असंच असतं’ असं ठामपणे छापलंय, आणि त्यावर माझा खरा राग आहे. आइन्स्टाइनच्या १९१५च्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण म्हणजे वक्रता, आणि ती अवकाश आणि काळ दोन्हींची आहे. आपल्या हातून सुटलेली वस्तू खाली पडते त्यात काळाच्या वक्रतेचा वाटा मोठा असतो, आणि काळ या कापडावर कुठेच नाही.

दोन महिन्यांनी मी एक छोटी चाचणी घेतली. अंतराळवीर कशामुळे तरंगतात? बहुतेकांनी लिहिलं, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. एकानं तर लिहिलं, ‘कारण तिथे कापड सपाट असतं.’ ते वाचून वाईट वाटलं. जुना गैरसमज माझ्या प्रयोगानं आणखी घट्ट केला होता.

तो निघाला एका प्लास्टिकच्या बाटलीनं. तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडंच ठेवा. हातात धरली की धार लागते. उंचावरून सोडली की पडता पडता धार थांबते, कारण बाटली आणि पाणी बरोबरीनं पडतात. फोनवर संथ गतीत चित्रीकरण करून दाखवलं तेव्हा वर्गात ‘परत, परत’ चाललं होतं. मग सांगितलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के आहे, आणि स्थानक सेकंदाला जवळपास ७.७ किलोमीटर वेगानं आडवं जाता जाता सतत पडतच असतं. यावेळी कुणी हरकत घेतली नाही. पडणारी बाटली सगळ्यांनी पाहिली होती.

आठवीबरोबर पुढे न्यूटनचं गणितही केलं. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट लांब, म्हणजे ओढ ३६००व्या हिश्शाची. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो, तर चंद्र आपल्या सरळ रेषेपासून पृथ्वीकडे १.४ मिलिमीटरच्या आसपास. एका मुलानं पट्टीवर तेवढं अंतर नखानं दाखवलं आणि बराच वेळ नख तिथेच ठेवून बसला.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात: गोळा रात्रभर कापडावर ठेवू नका. मी एकदा विसरले, मध्यभागी कापड कायमचं सैल पडलं. सात महिन्यांत चार चिमटे मोडले आणि विक्रेत्याला दोनदा कळवूनही उत्तर आलेलं नाही. रिंग आणि शिवण मात्र पक्की आहे.

साडेतीन तारे. घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण सुरुवात बाटलीनं करा. मग हातोडा आणि पिसाचं चित्रीकरण दाखवा, १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर दोन्ही एकदम सोडले होते ते. कापड त्यानंतर काढा. आणि एका मुलाला खाली शिरू द्या.