होमस्कूलिंगचं ‘खास’ गणित आणि माझे पंधरा हजार

दुसरीनंतर थोरलीला आम्ही शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला लागलो. भाषेची काळजी कधी वाटली नाही, पण गणिताची आठवण घरात रोज कुणी ना कुणी काढायचं. सासूबाई तर सरळच म्हणायच्या, “बाकीचं येईल गं, गणिताचं काय करणार?” त्यामुळे ‘होमस्कूलिंगच्या मुलांसाठी खास गणित’ म्हणून फोन आला, तेव्हा मी तो कट केला नाही.

रविवारी एक तरुण घरी आला. आधी मोफत चाचणी. टॅबवर वीस प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद, सगळे इंग्रजीत. भाजीवाल्याला पन्नासची नोट देऊन सुटे किती घ्यायचे ते माझी पोरगी उभ्या उभ्या सांगते, पण इथे तिचे सातच बरोबर आले. निकाल लाल अक्षरांत: ‘दोन इयत्ता मागे’. तो टॅब त्याने सासूबाईंपुढेही धरला. रात्री अंथरुणात लेकीने विचारलं, “आई, फ्यूअर म्हणजे काय गं?” वजाबाकी अडलीच नव्हती, शब्द अडला होता. पण तोवर माझी सही झाली होती.

पुढे एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या परीक्षेला, बसायचं तर हाच मान्यताप्राप्त कोर्स लागतो, असं तो ठासून म्हणाला होता. धादांत खोटं. एनआयओएसची दहावी वयाची 14 वर्षं झाली की देता येते, पुस्तकं त्यांचीच असतात, बाहेरचा कोर्स कुणी विचारत नाही. इतकंच काय, तिथे गणित घेतलंच पाहिजे अशीही सक्ती नाही! हे मला नंतर अर्ध्या तासाच्या वाचनात कळलं. तो अर्धा तास आधी काढला असता तर.

किंमत 54,000. “मॅडम, आत्ता काहीच भरायचं नाही. महिना तीन हजार, नो कॉस्ट. पंधरा दिवसांत नाही आवडलं तर परत.” आधार, पॅन दिलं आणि आलेले दोन ओटीपी मी स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवले. ज्याला मी हप्ता समजत होते, ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं 18 महिन्यांचं कर्ज होतं.

चार दिवसांनी खोकं आलं. एक टॅब आणि पुस्तकं. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. आत भोपाळच्या सहलीचा धडा होता. तो पाहून शेजारच्या मुलाचं एनसीईआरटीचं चौथीचं जुनं पुस्तक मागून आणलं. सहलीची बस तीच, चित्रं तीच, गणितंही तीच; फक्त पानाचा तळ कापलेला. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या साइटवर फुकट मिळतात. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई नऊ दिवसांत तीनदा बदलल्या.

नवव्या दिवशी मी ‘परत घ्या’ म्हणाले. करारात पंधरा दिवस होते खरे, पण टॅब बिघडला तर! पैशांसाठी कंपनी म्हणे फायनान्सवाल्यांशी बोला. ते म्हणे आमचा करार तुमच्याशी, कोर्सशी आमचा संबंध नाही. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच कूलिंग-ऑफ मुदत सक्तीची केली आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. माझ्या करारात ती तीन दिवसांची होती, सातव्या पानावर. खोकं आलं तेव्हाच ती संपलेली होती.

त्या तरुणाचा फोन लागेना. शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कंपनीला लेखी कळवलं, की जिल्हा ग्राहक आयोगात जाते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बहुधा एका गोष्टीने काम केलं: तो तरुण ‘पंधरा दिवसांत परत’ हे वाक्य व्हॉट्सॲपवरही लिहून बसला होता. कुणी तोंडी काही कबूल केलं की तेवढं एक वाक्य लिहून मागाच. पाचव्या हप्त्यानंतर त्यांनी कर्ज बंद केलं आणि मी ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं, पत्र हातात आल्याशिवाय टॅब परत पाठवला नाही. पंधरा हजार गेले ते गेलेच.

आता बालभारतीच्या साइटवरून उतरवलेलं तिसरीचं पुस्तक आहे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेलं, आणि एक डबाभर चिंचोके. परवा पुन्हा फोन आला, या वेळी धाकट्यासाठी. तो साडेचार वर्षांचा आहे. म्हणे, मोफत चाचणी घेऊ या का?