गेट ड्रायव्हरचा सप्लाय: एकच फ्लायबॅक की प्रत्येकाला वेगळा मॉड्यूल?

परवा भाच्याने गोव्यातल्या फर्मागुडीहून विचारलं, मामा थ्री फेज इन्व्हर्टर (डीसीचं एसी करणारं सर्किट) बनवतोय, गेट ड्रायव्हरचा, म्हणजे स्विच चालू-बंद करणाऱ्या चिपचा, सप्लाय कसा करू. सहा स्विच असले तरी आयसोलेटेड (एकमेकांपासून विजेने अलग) सप्लाय चारच पुरतात, वरच्या तिघांना तीन आणि खालच्या तिघांना मिळून एक. मार्ग दोन: फ्लायबॅक, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरमधून चारही सप्लाय काढणारं सर्किट, नाहीतर प्रत्येक सप्लायला वेगळा तयार मॉड्यूल.

पॉवर फार लागत नाही. १०० नॅनोकुलंब गेट चार्ज (स्विच चालू करायला गेटमध्ये भरावा लागणारा चार्ज), २० व्होल्ट स्विंग, ५० किलोहर्ट्झ स्विचिंग म्हणजे एका गेटला जेमतेम ०.१ वॅट, ड्रायव्हरचं स्वतःचं खाणं वेगळं.

खर्चात फ्लायबॅक जिंकतो, एक कंट्रोलर, एक ट्रान्सफॉर्मर, चार सेकंडरी वाइंडिंग. पण फीडबॅक (व्होल्टेज मोजून ते स्थिर ठेवणं) एकाच आउटपुटचा, बाकीचे लोडप्रमाणे वरखाली होतात, मग झेनर (व्होल्टेज आवरणारा डायोड) नाहीतर रेग्युलेटर लावा. स्वस्त मॉड्यूलही बहुतेक अनरेग्युलेटेडच, लोड कमी झाला की व्होल्टेज चढतंच.

खरी मारामारी कपॅसिटन्सची. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचचं व्होल्टेज ५० व्होल्ट प्रति नॅनोसेकंदने उडी मारतं आणि प्रायमरी-सेकंडरी वाइंडिंगमध्ये १० पिकोफॅरड कपॅसिटन्स असेल तर अर्धा अँपिअर सरळ कंट्रोलच्या बाजूला घुसतो. मी हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तासन् तास फॉल्ट शोधलाय, प्रायमरी आणि सेकंडरी बॉबिनच्या (तार गुंडाळायच्या रिळाच्या) वेगळ्या खणात गुंडाळल्यावर शांत झालं.

मॉड्यूल ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, करंटचा लूप छोटा, एक गेला तर तेवढाच बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात काहीही घे, क्रीपेज (दोन बाजूंमध्ये बोर्डच्या पृष्ठभागावरचं अंतर) सोड आणि बोर्डला कोटिंग मार.

कॉलेज प्रोजेक्ट, दोन-चार बोर्ड असतील तर कमी कपॅसिटन्सचे मॉड्यूलच घे. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेकड्याने बोर्ड काढायचे असतील तर फ्लायबॅक, ट्रान्सफॉर्मर मात्र चांगल्या वाइंडरकडूनच.