गाण्याचे हक्क : लिहून द्यावेत की परवान्यावर?

म्युझिक कंपनीचा करार हाती आला की गीतकाराने आधी बघावं : ‘हस्तांतरण’ लिहिलंय की ‘परवाना’?

हस्तांतरणात मालकीच जाते. मोबदला बहुधा एकरकमी, आणि तो मोठा असतो. नंतर तेच गाणं जाहिरातीला द्यायचं तर परवानगी कंपनीची लागते. परवान्यात मालकी तुमचीच. कंपनीला ठरलेल्या वापरापुरती मुभा. तो ‘एक्सक्लुझिव्ह’ असेल तर मात्र मुदतीत दुसऱ्या कुणाला देता येत नाही, हे विसरू नका.

दोन्ही करार लेखी आणि सहीचे हवेत. खरी गफलत रिकाम्या जागांत होते. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून अनेक छापील करारांत ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगभर’ असतं. ते खोडायला सांगा, निदान मुदत तरी घाला. हक्क तुमच्या हयातीनंतरही 60 वर्षं टिकतात. एवढं एका सहीत देणं फार महाग पडतं.

या कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही; तो फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला (रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला) देता येतो. ‘रॉयल्टीचा हक्क सोडत आहे’ हे कलम त्यामुळे निरर्थक ठरतं.

नवोदितांनी परवानाच मागावा. कंपनी हस्तांतरणावरच अडली, तर मुदत 5 ते 10 वर्षांपुरती बांधून घ्यावी.