टिप येते, भाव येत नाही : ‘कॉपी’ बटण आठ महिने वापरल्यावर

हे ॲप मॅचवर फुकट नाणी लावायचं आहे. रोज ठरावीक नाणी मिळतात, ती विकत घेता येत नाहीत आणि काढून बँकेतही टाकता येत नाहीत. पैसे लावायच्या ॲपचा आपल्याकडे विषयच संपला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांच्यासाठी पैसे वळते करणं, या तिन्हीवर बंदी घातली. तरी ‘आयडी घ्या भाऊ’चे (म्हणजे बेटिंगचं खातं उघडा) मेसेज व्हॉट्सॲपवर येतच असतात. त्यांचा समाचार खाली घेतलाय.

नाणी खोटी असली तरी भाव, म्हणजे जिंकलं तर लावलेल्याच्या किती पट मिळणार तो आकडा, बाहेरच्या खऱ्या बाजारातले आहेत. परदेशी बेटिंग ॲपांत जे सोशल प्रकार असतात ते सगळे इथे आहेत: फीड, लीडरबोर्ड, फॉलो, चालू मॅचची चॅट, आणि ज्याच्यासाठी बहुतेक जण येतात ते कॉपी बटण. दुसऱ्याचं तिकीट, म्हणजे त्याने कशावर किती लावलं ते, दिसतं, त्यावर बोट लावलं की तेच तिकीट आपल्या नावावर. अमेरिकेत याला ‘टेल’ करणं म्हणतात, मुद्दाम उलट लावलं तर ‘फेड’. नायजेरियात तिकिटाचा कोडच फिरतो, तो टाकला की अख्खं तिकीट भरून येतं. चाल एकच.

कॉपी केलेल्या प्रत्येक तिकिटासमोर वहीत चार गोष्टी लिहिल्या: पुढच्याने (ज्याची कॉपी केली त्याने) घेतलेला भाव, आपल्याला मिळालेला भाव, मधे गेलेला वेळ, आणि मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव. हार-जीत पाचव्या रकान्यात. हा पाचवा रकाना सगळ्यात कमी कामाचा निघाला.

आधी भावाचं. पानठेल्यावर ज्याला ‘नव्वद पैसे’ म्हणतात ते ॲपवर १.९० असं दिसतं. एक लावला आणि जिंकला, तर आपला एक परत आणि वर नव्वद पैसे. बरोबरीच्या मॅचमध्ये दोन्ही बाजूंना १.९० असेल, तर शंभर लावणाऱ्याच्या हाती सरासरी ९५ येतात. मधले पाच दुकानदाराचे, म्हणजे बेट घेणाऱ्याचे. या पाचाच्या पलीकडे जाईल एवढं ज्याला कळतं, त्याचीच कॉपी करण्यात अर्थ आहे, आणि नेमकी त्याचीच कॉपी जमत नाही. एक तिकीट जवळून बघा.

फॉलो केलेल्याने २.१० ला घेतलं. नोटिफिकेशन आलं, फोन उघडला, पटतंय का बघितलं, तोवर भाव १.९५. मॅच तीच, संघ तोच. समजा त्या संघाची जिंकायची खरी शक्यता बरोब्बर निम्मी आहे. २.१० वाल्याला शंभरावर सरासरी १०५ मिळतात, १.९५ वाल्याला साडेसत्त्याण्णव. एकाच तिकिटावर एक जण नफ्याचं काम करतोय, दुसरा तोट्याचं. संघ जिंकला की दोघांच्या प्रोफाइलवर हिरवी खूण मात्र सारखीच.

भाव आमच्या नाण्यांनी हलत नाही. तो हलतो कारण त्या माणसाला जे दिसलं ते थोड्या वेळाने बाजारालाही दिसतं: अकरा जण जाहीर होतात, ढग येतात, कुणी सरावात लंगडताना दिसतो. खऱ्या पैशांच्या बाजारात यावर फॉलोअर्सचं ओझं आणखी. जितके जास्त मागे, तितका भाव लवकर मरतो. लीडरबोर्डवरचा पहिला माणूस म्हणून कॉपीला सगळ्यात महाग पडतो.

सेटिंगमध्ये ‘भाव बदलला तर’ असा एक कोपरा आहे. तीन पर्याय: कोणताही भाव चालेल, फक्त वाढलेला चालेल, मला विचारा. ॲप पहिल्यावर टिक करूनच देतं आणि बहुतेक जण तिकडे फिरकतही नाहीत. पहिल्या दिवशी हे बदलून ‘फक्त वाढलेला’ करा. मात्र त्यातही खोच आहे, आणि ती कळायला वहीचे तीन महिने गेले. या सेटिंगवर जी तिकिटं लागतात ती बहुतेक अशी, ज्यांचा भाव पुढच्याने घेतल्यावर वाढला. म्हणजे बाजाराने त्याचं मत खोडून काढलं. त्याची चांगली तिकिटं आपल्या हातून निसटतात आणि फसलेली तेवढी बरोब्बर हातात येतात. वहीत आपला भाव त्याच्यापेक्षा सरस, पण मॅच सुरू होतानाच्या भावापेक्षा पडका, अशा ओळी लागोपाठ दिसायला लागल्या की हेच चाललंय समजा.

चालू मॅचमध्ये तर कॉपी बंदच ठेवावी. नागपूरच्या जामठा स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसून फोनवर तीच मॅच लावून बघा: विकेटचा गलका होऊन गेला तरी फोनवर बोलर अजून रनअपच्या टोकाला. परदेशी एक्स्चेंजवर (जिथे लोक एकमेकांविरुद्ध लावतात) चालू मॅचचं तिकीट घेण्याआधी काही सेकंद मुद्दाम रोखून धरतात ते याच फरकामुळे. घरी सोफ्यावर बसून केलेली लाइव्ह कॉपी म्हणजे कालचा पेपर वाचून आज छत्री घेणं.

दुसरा मोठा दोष बाहेर पडण्याचा. आपल्याकडे जुन्या भाषेत लगाई (संघ जिंकेल यावर लावणं) आणि खाई (तो जिंकणार नाही यावर, म्हणजे समोरच्याची लगाई आपण घेणं). हुशार माणूस २.१० ला १०० लावतो, भाव १.८० वर आला की त्याच संघावर ११६.६७ खातो. संघ जिंकला तर लगाईचे ११० येतात आणि खाईचे ९३.३३ जातात. हरला तर लगाईचे १०० जातात, खाईचे ११६.६७ येतात. दोन्हीकडून १६.६७ सुटले, बुक सेट. तो आता निवांत तर्री-पोहे खायला मोकळा. फीडमध्ये मात्र त्याची फक्त लगाई दिसते. खाई दिसत नाही, कॅशआउट केला (तिकीट मधेच बंद करून रक्कम घेतली) तरी त्याचं नोटिफिकेशन येत नाही. कॉपी करणारा शेवटच्या ओव्हरपर्यंत तिकीट धरून बसलेला असतो. या ॲपवर पुढच्याच्या प्रोफाइलमध्ये ‘उघडी तिकिटं’ असा आकडा आहे. सकाळी ६ होती आणि मॅच चालू असताना ५ झाली, तर एक बंद झालं एवढाच सुगावा. आठ महिन्यांत तीन अपडेट आले, हे काही सुधारलं नाही. इमोजी मात्र वाढले.

रकमेचंही असंच. ‘त्याच्या प्रमाणात लावा’ हा पर्याय ऐकायला शहाणा आहे. त्याच्याकडे एक लाख नाणी, तो अर्धा टक्का म्हणजे ५०० लावतो. आपल्याकडे २,००० असतील तर अर्धा टक्का झाला १० नाणी. पण ॲपची किमान मर्यादा १०० ची, आणि ते न सांगता १०० करून टाकतं. आपण अर्ध्याच्या जागी पाच टक्के लावतोय. नाणं शंभर वेळा उडवलं तर एकाच बाजूचे सलग सहा-सात पडणं अगदी नेहमीचं आहे. त्याने सलग सात गमावले तर त्याचे साडेतीन टक्के गेले, आपले पस्तीस. मग तो सावरतो, आणि तोवर आपण चिडून अनफॉलो केलेलं असतं. उपाय साधा: नाणी कमी असतील तर ‘ठरावीक रक्कम’ निवडा आणि वीस जणांना फॉलो करण्याऐवजी दोघांनाच करा.

लीडरबोर्ड. याच्यावर सगळ्यात जास्त लोक भुलतात, आणि तो सगळ्यात पोकळ. हजार माणसांनी प्रत्येकी २० तिकिटं निव्वळ नाणेफेक करून लावली, तरी त्यातले वीस-एक जण १५ किंवा जास्त जिंकणार. पंचाहत्तर टक्के! ॲप त्यांनाच सोनेरी मुकुट देतं, कारण बोर्ड आठवड्याचा आहे आणि आठवड्यात कुणाची वीसपेक्षा जास्त तिकिटं होत नाहीत. पुढच्या सोमवारी मुकुट दुसऱ्याच वीस जणांच्या डोक्यावर. जिंकण्याची टक्केवारी वाढवणं तसंही सोपं आहे. २० पैशांचे भाव घेत राहा, दहात आठ जिंकाल, आणि शंभराचे ९६ कराल. प्रोफाइलवर मोठ्या अक्षरात ‘८०%’, तोट्याचा आकडा तीन टॅप आत.

किती तिकिटं बघावीत? दुप्पट भावाच्या आसपास लावणाऱ्याच्या शंभर तिकिटांत नशिबानेच दहा टक्के वर-खाली होतं. शंभरावर पाच टक्के नफा त्यामुळे काहीच सांगत नाही. खरोखर पाच टक्क्यांचा माणूस आहे अशी बऱ्यापैकी खात्री व्हायला सोळाशेच्या आसपास तिकिटं लागतात. एवढा धीर कुणाला आहे? म्हणूनच वहीतला चौथा रकाना. मॅच सुरू होतानाच्या शेवटच्या भावापेक्षा त्याचा भाव सातत्याने सरस असेल, तर पन्नास-शंभर तिकिटांतही काहीतरी दिसायला लागतं. ॲप हा आकडा देत नाही. हाताने लिहावा लागतो, मॅचच्या आधी दोन मिनिटं.

शिळ्या टिपचं उदाहरण द्यायला नागपूर सोडायची गरज नाही. १५ मार्च २०१६, टी-ट्वेंटी विश्वचषक, जामठा. भारत घरच्या मैदानावर, भाव पूर्ण भारताकडे झुकलेला. न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट दोघांनाही बाहेर ठेवून तीन फिरकीपटू घेतले, १२६ धावा केल्या आणि भारताला ७९ वर गुंडाळलं. सँटनर, सोढी आणि नेथन मॅक्युलम यांनी मिळून नऊ गडी घेतले. अकरा जणांची यादी टॉसला कळते, म्हणजे मॅचच्या अर्धा तास आधी. सकाळी पडलेली टिप संध्याकाळी कॉपी करणारा या बातमीच्या आधीचं मत विकत घेत असतो, बातमीनंतरच्या भावाने. फीडमध्ये तिकिटाची वेळ बारीक करड्या अक्षरात असते. टॉसच्या आधीची असेल तर हात लावू नका.

जामठ्याचीच दुसरी, २३ सप्टेंबर २०२२ ची. मैदान ओलं, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच आठ-आठ ओव्हरची झाली. ऑस्ट्रेलिया ५ बाद ९०, भारताने चार चेंडू राखून जिंकली. अशा दिवशी विजेत्यावरचं तिकीट चालतं, पण एकूण धावांवरची तिकिटं ओव्हर कापल्या की बऱ्याच ठिकाणी रद्द होऊन रक्कम परत येते. कॉपी बटण हा नियम दाखवत नाही. चार मॅचच्या जोडतिकिटात (सगळ्या बरोबर आल्या तरच जिंकतं असं एकच तिकीट) एक रद्द झाली तर उरलेल्या तिघांच्या भावावर तिकीट चालू राहतं, आणि चॅटमध्ये रात्री अकराला ‘माझे पैसे खाल्ले’ सुरू होतं. कुणी काही खाल्लेलं नसतं, नियमांचं पान उघडलेलं नसतं.

जोडतिकिटांबद्दल एवढंच: फीडमध्ये सर्वात जास्त लाइक त्यांनाच, आणि गणित सर्वात वाईट त्यांचंच. १.९० चे चार जोडले की १३.०३ होतात, खरा भाव १६ असायला हवा. शंभरातले पाच जाण्याऐवजी साडेअठरा जातात. ‘चार बरोबर आले’चा स्क्रीनशॉट दिसतो, न आलेल्यांचा कुणी काढत नाही. प्रोफाइलची मूळ सेटिंगही तशीच आहे: जिंकलेलं आपोआप शेअर, हरलेलं विचारून.

आता टेलिग्राम. ॲपमधले मुकुटवाले बरेचदा आपल्या चॅनलची लिंक देतात. चॅनल तपासायची एक युक्ती: पोस्टच्या लिंकच्या शेवटी क्रमांक असतो, तो ओळीने वाढतो. ४१२ नंतर थेट ४१९ आला तर मधलं बहुधा पुसलंय (फोटोंचा अल्बम एकापेक्षा जास्त क्रमांक खातो, तेवढी सूट द्या). पोस्टखाली ‘एडिटेड’ दिसत असेल तर ती टिप धरायचीच नाही. लिंकमध्ये गिऱ्हाइक कुणी आणलं ते सांगणारा कोड असेल तर समजून घ्या की अशा बऱ्याच करारांत आणणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या तोट्यातला वाटा मिळतो. तुम्ही हरलात की त्याची कमाई. ‘फिक्स मॅच, आधी पाच हजार’ ही तर सरळ ठगी. आठ ग्रुपांत वेगवेगळ्या टिप टाकल्या की तीन मॅचनंतर एक ग्रुप असा उरतोच ज्याला तिन्ही बरोबर मिळाल्या, आणि पैसे त्याच ग्रुपकडे मागतात. दिले असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. पहिल्या तासाभरात पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

चांगलं काय? तिकीट लागल्यावर पुसता येत नाही, आणि प्रत्येकाचा पूर्ण इतिहास एक्सेलमध्ये उतरवता येतो. हे दोन फीचर सोन्याचे आहेत आणि त्यांच्यासाठीच ॲप फोनवर आहे. चॅटही वाईट नाही: खेळपट्टी कोरडी आहे की गवत ठेवलंय, हे स्थानिक पोरं कॉमेंटेटरच्या आधी सांगतात. नोटिफिकेशन मात्र बंद करा. ‘तुमचे ७ मित्र या मॅचवर आहेत’ असं टॉसच्या वेळी वाजतं. उघडून बघितलं तर त्या सातांत कधीकाळी एकदा फॉलो केलेलेही मोजलेले.

सोडताना एक लक्षात ठेवा. अनफॉलो केल्याने आधी कॉपी झालेली तिकिटं बंद होत नाहीत, आणि ‘आपोआप कॉपी’ वेगळी बंद करावी लागते. क्रम असा: सेटिंग, कॉपी, आपोआप बंद, मग उघडी तिकिटं एकेक तपासून बंद, मग अनफॉलो. उलट क्रमाने गेलात तर त्या माणसाचं नाव यादीतून जातं, पण त्याची तिकिटं पुढच्या मॅचपर्यंत येत राहतात, आणि ती कुठून आली हे दाखवणारी ओळच स्क्रीनवर उरत नाही.