लाइट गेली की सगळं लांबट: मॉनिटर, लिनक्स मिंट आणि जुने गेम

या मॉनिटरच्या बॉक्सवरचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत बसत नाही. साडेएकवीस इंची, 1920×1080, रंग छान, एकही पिक्सेल मेलेला नाही, भाव परवडला. ऑफिसच्या शीट्स आणि पोरांचे यूट्यूब यासाठी घ्यायचा असेल तर पुढचं वाचू नका, डोळे झाकून घ्या.

मी मात्र तो घेतला जुने गेम खेळायला. जुना ऑफिसात वापरलेला डेस्कटॉप स्वस्तात मिळाला, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) टाकलं आणि डूम, प्रिन्स ऑफ पर्शिया, एज ऑफ एम्पायर्स अशी मंडळी गोळा केली. हे सगळे गेम 4:3 पडद्याचे, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन; हा मॉनिटर 16:9. मॉनिटरच्या मेनूत ‘वाइड’ आणि ‘अ‍ॅस्पेक्ट’ असे दोन पर्याय आहेत. वाइड म्हणजे येईल ते चित्र ओढून पडदाभर पसरायचं. 4:3 चं चित्र त्यात एक तृतीयांश जास्त रुंद होतं. अ‍ॅस्पेक्ट म्हणजे चित्र मधे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मला पट्ट्या हव्यात. पट्ट्या मिळाल्याही. पण लाइट गेली की हा मॉनिटर अ‍ॅस्पेक्ट विसरतो आणि वाइडवर येऊन बसतो.

लातुरात लाइट जाणं ही काही बातमी नाही. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब एवढंच आहे. म्हणजे दर वेळी पडद्यामागे हात घालून मेनू चालवायची ती वाटाण्याएवढी काडी चाचपायची, मेनूत चार पायऱ्या उतरायच्या, चुकून काडी दाबली की मॉनिटर बंद. उन्हाळ्यात तर डूममधल्या त्या शिपायाचं तोंड कायमच गालगुंड झाल्यासारखं.

वॉरंटी होती म्हणून तक्रार टाकली. बऱ्याच फोनांनंतर एक पोरगा घरी आला. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “सर, पिक्चर फुल स्क्रीन यायलंय की. पट्ट्या कशाला पाहिजेत?”

मी लातूरच्या बाजारपेठेचंच नाव घेऊन विचारलं, “गंजगोलाई गोल आहे का लांबट?”

“गोल आहे की.”

“मग माझ्या गेममधलं चाक लांबट का दिसायलंय?”

तो हसला. चहा पिला आणि फॉर्मवर ‘सेटिंग रिसेट होणे नॉर्मल’ असं लिहून गेला. त्या दिवशी मी रिव्ह्यूमधे या मॉनिटरला एक तारा दिला होता.

मेव्हणा म्हणाला, माझ्याकडचा सतरा इंची चौकोनी मॉनिटर ने, फुकट. लोकांना तो चौकोनी दिसतो म्हणून 4:3 वाटतो, पण तसा तो नसतो! सतरा इंची एलसीडी 1280×1024 असतो, म्हणजे 5:4. खऱ्या 4:3 ला 1280×960 पाहिजे. जास्तीच्या 64 ओळी भरायला तो चित्र उभं ताणतो. इकडे सगळे जाडे, तिकडे सगळे उंच. फुकट असूनही नाही घेतला, यावरून ओळखा.

आता इथून माझं मत बदललं. अ‍ॅस्पेक्ट सेटिंग टिकली असती तरी डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे, गेम नीट दिसलेच नसते. डूम आणि त्या काळचे ढीगभर गेम 320×200 मधे चालतात. चौरस पिक्सेल धरले तर हे 16:10 होतं. पण जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरवर तेच चित्र पूर्ण 4:3 पडदा भरायचं, म्हणजे एकेक पिक्सेल रुंदीपेक्षा 1.2 पट उंच. हे मॉनिटरला कुठून कळणार? तो आलेले आकडे पाहून पट्ट्या ठरवतो. 1080 ओळींत 320×200 तसंच बसवलं तर रुंदी 1728 होते. खरी पाहिजे 1440. शिपाई थोडा कमी सुजलेला, एवढाच फरक.

म्हणून मॉनिटरवर हे काम टाकायचंच नाही. त्याला कायम 1920×1080 पाठवायचं, पट्ट्यांसकट. मग तो वाइडवर असो की कशावर, लाइट जावो की राहो.

डॉसचे गेम आजच्या मशीनवर डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम चालवतो. त्याच्या 0.74 आवृत्तीत कॉन्फिग फाइलच्या ‘रेंडर’ भागात ‘अ‍ॅस्पेक्ट’ मुळात ‘फॉल्स’ असतं, ते ‘ट्रू’ करा आणि ‘फुलरिझोल्यूशन’ला ‘डेस्कटॉप’ द्या. त्यापेक्षा त्याचाच नवा अवतार, डॉसबॉक्स स्टेजिंग टाका, तिथे ही दुरुस्ती आधीच चालू असते. पिक्सेलच्या ओळी एकसारख्या पाहिजेत तर इंटिजर स्केलिंगही (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) आहे: 200 च्या पाचपट 1000, वर-खाली 40-40 ओळी काळ्या. मला ते जास्त आवडतं, बायकोला पडदा वाया गेल्यासारखा वाटतो.

विंडोजचे गेम वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. इथला खरा वैताग वेगळा: गेम पडद्याचं रिझोल्यूशन 640×480 करतो, मधेच बंद पडून आपटतो आणि डेस्कटॉप तसाच मोठ्ठा होऊन बसतो. टर्मिनलमधे ‘एक्सरँडर’ला (पडद्याचं रिझोल्यूशन बदलणारी आज्ञा) ‘वजा एस शून्य’ दिलं की परत येतो, पण रोज कोण करणार? लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याला एक्सरँडरमधे ‘स्केलिंग मोड’ असतो, तो ‘फुल अ‍ॅस्पेक्ट’ करता येतो. माझ्या इंटेल मशीनला एचडीएमआयवर तो दिसतच नाही.

शेवटी गेमस्कोप. गेमला खोटा पडदा दाखवून चित्र खऱ्या पडद्याच्या मापात बसवणारा प्रोग्रॅम. व्हॉल्व कंपनीने काढलेलं आहे, फुकट आहे. लहान डब्ल्यू आणि एच पुढे गेमचं माप, मोठ्या डब्ल्यू आणि एच पुढे पडद्याचं, मोठ्या एस पुढे ‘फिट’, लहान एफ म्हणजे फुल स्क्रीन, आणि मग वाइनची आज्ञा. गेमला वाटतं आपण 640×480 वर आहोत, मॉनिटरला 1920×1080 च जातं. आपटला तरी डेस्कटॉप जागेवर. फक्त ग्राफिक्सला व्हल्कन (ग्राफिक्स चिपशी बोलायची नवी पद्धत) पाहिजे. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर त्याचा भरवसा नाही, मित्राच्या मशीनवर चाललं नाही. त्याला सीएनसी-डीड्रॉ दिलं, म्हणजे विंडोजच्या जुन्या चित्र काढायच्या पद्धतीला (डायरेक्टड्रॉ) बदली फाइल: डीड्रॉची फाइल गेमच्या फोल्डरमधे, वाइनच्या सेटिंगमधे ‘नेटिव्ह’ आधी, आणि तिच्या आयएनआय फाइलमधे ‘मेंटास’ ट्रू. त्याच्या डायरेक्टड्रॉच्या गेमांना तेवढं पुरलं.

तर तारे आता तीन. तिसरा मॉनिटरने कमावलेला नाही, पण पडदा चांगला आहे आणि नवा घेण्याचे पैसे वाचले. ती काडी मी आता फक्त उजेड कमी-जास्त करायला हात लावतो.

एक उरलंय. डॉसचे हे गेम 70 हर्ट्झवर (सेकंदाला 70 वेळा चित्र) चालायचे आणि हा मॉनिटर 60 वर. प्रिन्स पळताना जाणवत नाही, पण पडदा आडवा सरकणाऱ्या गेममधे बारीक झटके बसतात. त्यावर उपाय करायचा तर दुसरा मॉनिटरच घ्यावा लागेल, आणि तो मी घेणार नाही.